वेळ मिळाला की बघतो

माझी वहिनी रागावली की ओरडत नाही. ओरडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी कपडे शिवते आणि जीभही तशीच चालवते, म्हणून वहिनी मला कात्रीच म्हणते. ती स्वतः मात्र रागावली की गप्प होते. आणि ती गप्प झाली की समोरच्यानं आपलं सामान आवरायला घ्यावं. कुलूपसाहेबाला हे कोणी सांगितलं नव्हतं, बिचारा! बिचारा कसला, मेला.

हा कुलूपसाहेब म्हणजे बस कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. वहिनी त्याच्या हाताखाली. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, त्याच कंपनीत ड्रायव्हर. कुठल्या ड्रायव्हरला कुठली ड्युटी लावायची हे तिथं डेटाबेस ठरवतो, आणि कसं ठरवायचं ते वहिनी लिहिते. त्या लिहिलेल्याला प्रोसिजर म्हणतात. पण लिहून भागत नाही. ते कंपायलरमधून काढावं लागतं, तेव्हा कुठं मशीनला कळतं आणि डेटाबेस त्याप्रमाणे वागायला लागतो. मला वहिनीनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे कापड बेतून ठेवलं म्हणून अंगात घालता येत नाही, शिवायला लागतंच. ती म्हणाली, अगदी बरोबर, आणि आमच्याकडं शिलाई मशीन एकट्या कुलूपसाहेबाच्या खोलीत आहे.

कंपनीनं विकत घेतलेला महागाचा कंपायलर होता तो. लायसन्स एकच, तेही याच्या मशीनवर. दारावर यानं पाटी लावली होती, ‘कंपाइल फक्त इथेच होईल’. लिहायचं बाकीच्यांनी, बटण दाबायचं यानं, आणि वरच्यांना सांगायचं, मी केलं. कोणी काही घेऊन गेलं की मान वर न करता म्हणायचा, “ठेवा तिथं. वेळ मिळाला की बघतो.” कधी त्याच दिवशी बघायचा, कधी माणूस खेटे घालून दमला की. आवडीचा असेल त्याचं लगेच. या सवयीवरूनच त्याचं नाव कुलूप पडलं.

वहिनीला हे डोक्यात जायचं. तिनं एक फुकट मिळणारा कंपायलर आणला, स्वतःच्या टेस्ट मशीनवर बसवला, डेटाबेसच्या सेटिंगमध्ये महागाच्याऐवजी या फुकटच्याचा रस्ता दिला, आणि सगळ्या प्रोसिजर त्यातून काढून बघितल्या. एकूण एक चालल्या. मग भर मीटिंगमध्ये, वरच्या साहेबांसमोर, तिनं सांगितलं की हा वापरला तर कोणाला कोणासाठी थांबायला नको.

कुलूप हसला. “फुकट ते पौष्टिक, होय? उद्या बसला सायकलची चाकं लावा.”

सगळे हसले. वहिनी नाही हसली. पण वरच्या साहेबांनी “बघू नंतर” म्हटलं, आणि त्या ‘बघू’नं कुलपाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवसापासून तो वहिनीला पाण्यात पाहायला लागला. तिचं काम सगळ्यांत शेवटी.

आणि नेमकं त्याच सुमारास तिला ड्युटीच्या प्रोसिजरमध्ये चूक सापडली. दोन ड्युट्यांच्या मध्ये ड्रायव्हरला पुरेशी झोप मिळालीच पाहिजे असा नियम आहे. डेटाबेस ती विश्रांती वेळापत्रकातल्या वेळेपासून मोजत होता. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकून कितीही उशिरा डेपोत येऊ दे, कॉम्प्युटरच्या हिशेबी माणूस कधीच घरी जाऊन झोपलेला! वहिनीनं ते बदललं. गाडी डेपोच्या गेटातून आत येईल तेव्हापासून विश्रांती मोजायची, असं लिहिलं, तपासलं, आणि कुलपाकडं नेऊन दिलं. हे लवकर करा म्हणाली, माणसं पेंगतायत.

“ठेवा तिथं. वेळ मिळाला की बघतो.”

ती रोज विचारायला गेली. रोज तेच उत्तर. घरी येऊन मला सांगायची आणि मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. दादा म्हणायचा, “जाऊ दे गं, करेल तो.”

मग दादाची एक फेरी रस्त्याच्या कामात अडकली, गाडी खूप उशिरा डेपोत आली, आणि कॉम्प्युटरनं त्याला दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी लावली. नाही म्हटलं तर गैरहजेरी. दादा गेला. पुलाच्या उतारावर त्याचा डोळा लागला. गाडी दुभाजकावर चढून एका बंद दुकानाच्या भिंतीत शिरली. प्रवासी थोडेच होते, खरचटण्यावर निभावलं. कंडक्टरचा हात मोडला.

माझा दादा म्हणजे असा ड्रायव्हर, की म्हाताऱ्या बायका मुद्दाम त्याची गाडी यायची वाट बघायच्या, कारण तो ब्रेक लावायचा तो पोटातलं पाणी हलू न देता. त्याच्या कागदावर शेरा पडला, ‘ड्युटीवर झोपला’. चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी. तो खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा, आणि खाली रस्त्यावर कोणी करकचून ब्रेक लावला की इथं याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. आई ते बघून पदर तोंडाला लावायची. एकदा वहिनीला म्हणाली, “तुझ्याच त्या मशीननं माझ्या पोराचा घात केला गं.” वहिनी भांडी घासत होती, तेवढी सगळी घासून झाली, पुसून झाली, आणि मग मला म्हणाली, “कात्री, मी त्याला सोडणार नाही.”

“कोणाला?”

“कुलपाला. असा आपटीन, की उठताना त्याला स्वतःच्याच हाताचा आधार घ्यायची लाज वाटेल.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण कुलूप काही झोपला नव्हता. अपघाताची बातमी आली त्याच सकाळी त्यानं घाईघाईनं वहिनीची दुरुस्त केलेली प्रोसिजर डेटाबेसमध्ये नेऊन टाकली. नुसतं लिखाण. ते कंपाइल करणार, तेवढ्यात चौकशीची माणसं दारात. त्यांनी सर्व्हरची नक्कल काढली आणि मोहर लावून ठेवून दिली. म्हणजे वाचायला गेलं तर नियम नवा आणि बरोबर, पण प्रत्यक्ष चालणारी फाइल जुनी, चुकीची. आता हा विसंगतपणा निस्तरायचा कसा? तर त्यानं गोष्ट रचली: वहिनीनं परवानगी नसताना आपल्या फुकटच्या कंपायलरनं प्रोसिजर कंपाइल करून सर्व्हरवर चढवली, लिखाण ठीक होतं पण त्या भंगार कंपायलरनं ते बिघडवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आणि वर हा घरी आला! आमच्या सोफ्यावर बसला, आईच्या हातचं पाणी प्यायला.

“हे बघा,” वहिनीला म्हणाला, “तुम्ही लिहून द्या की त्या कंपायलरनं घोळ केला. मशीनची चूक म्हणजे कोणाचीच चूक नाही. तुम्हाला समज देऊन सोडतील. यांनाही मी आत कुठंतरी लावून देतो.”

“आत कुठं?” मी विचारलं.

“स्टोअरमध्ये वगैरे.”

“म्हणजे झाडू आणि फडकी वाटायला!”

“कात्री, गप्प,” वहिनी म्हणाली. दादाकडं बघितलं तर तो मान हलवत होता. घेऊ म्हणत होता बापडा, स्टोअर तर स्टोअर. त्याचा उजवा पाय तेव्हाही फरशीवर दाबलेलाच होता. वहिनीनं तो पाय बघितला आणि तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं गोड हसू आलं.

“सर, मी लिहून दिलं तर त्याला कोण विचारतंय? तुम्हीच चौकशीत सांगा ना सगळं. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

कुलूप खूश होऊन गेला. दार लागल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. अगं, त्याला आणखी शिडी लावून देतेस? आई तर उठून आतल्या खोलीतच गेली.

“चढू दे त्याला,” वहिनी म्हणाली. “खालच्या पायरीवरून ढकलण्यात काय मजा आहे?”

चौकशीला दादाला घरचं एक माणूस आणायची मुभा होती, म्हणून मी गेले. लांबट खोली, मध्ये टेबल, भिंतीवर मोठा पडदा. चौकशी करणाऱ्या बाई बाहेरून आलेल्या, चष्मा नाकावर, बोलणं कमी. शेजारी त्यांचाच तंत्रज्ञ, मोहरबंद नक्कल घेऊन. कुलूप नवा शर्ट घालून आला होता. कॉलर चुकीची बसली होती, ते आधी माझ्या डोळ्यात भरलं.

त्यानं सगळी कथा सांगितली. मस्त सांगितली, मेल्यानं! फुकटच्या वस्तू, शिस्त, जबाबदारी, काय नि काय. बाईंनी फाइलच्या तारखेचं विचारलं, तर म्हणाला, “नक्कल करताना तारखा बदलतात, त्या धरून चालणार नाही.” ते खरंही होतं. बाईंनी मान डोलावली. दादा खाली बघत होता.

वहिनी उठली. “सर, मला फक्त एवढंच सांगा. ती चालणारी फाइल तुमच्या कंपायलरनं केलेली नाही, हे नक्की?”

“माझ्या कंपायलरनं केली असती तर हे झालंच नसतं.”

“आणि तुमचा कंपायलर दुसऱ्या कोणाकडं नाही?”

“दारावर पाटी आहे,” कुलूप म्हणाला आणि टेबलभर नजर फिरवून हसला.

“लिहून घ्या, मॅडम,” वहिनी म्हणाली. मग तंत्रज्ञाकडं वळली. “नक्कलेतली ती फाइल उघडता का? साध्या, मजकूर वाचायच्या एडिटरमध्ये. आम्हाला सगळ्यांना दिसेल अशी.”

पडद्यावर कचरा उमटला. चौकोन, वेडीवाकडी चिन्हं, काही म्हणता काही वाचता येईना. कुलूप हसायला लागला, “हे काय वाचणार तुम्ही?”

“प्रत्येक कंपायलर आपण केलेल्या फाइलमध्ये आपलं नाव ठेवून जातो,” वहिनी म्हणाली. “आधी फुकटच्याचं नाव शोधा.”

तंत्रज्ञानं शोधलं. नाही.

“आता सरांच्या कंपायलरचं शोधा.”

पडदा सरकत गेला आणि थांबला. त्या सगळ्या कचऱ्याच्या मधोमध, शाळेतल्या पोरालाही वाचता यावं असं, त्या महागाच्या कंपायलरचं नाव होतं. सबंध नाव, पुढं आवृत्तीचा आकडा.

जन्मभर बटण दाबलं या माणसानं, पण बटणातून काय निघतं ते कधी उघडून बघितलं नाही!

“कोणीतरी बदललं असेल,” तो म्हणाला.

“कोणी?” बाईंनी चष्मा काढला. “कंपायलर तुमच्याशिवाय कोणाकडं नाही म्हणालात. आत्ताच लिहून घेतलंय.”

त्यानंतर वहिनीनं तेच नवं लिखाण सगळ्यांसमोर फुकटच्या कंपायलरमधून काढलं आणि दादाची ती उशिराची फेरी त्यात घातली. दुसऱ्या सकाळच्या पहिल्या गाडीसमोर दादाचं नाव आलंच नाही. त्याच्या जागी दुसऱ्याचं, झोप झालेल्या माणसाचं आलं. दादा पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं रुमाल काढला आणि मी बघू नये म्हणून नाक शिंकरल्याचं नाटक केलं. मी कुलपाकडं बघत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला, खोटं कशाला बोलू, सण असल्यासारखं वाटत होतं.

दादाचा शेरा पुसला गेला आणि तो परत गाडीवर गेला. कुलपाला काढलं नाही. अशी माणसं पडतात तीही गादीवर. पण प्रमुखपद गेलं आणि महागाचं लायसन्स पुन्हा घेतलंच नाही. आता सगळं फुकटच्या कंपायलरवर चालतं, आणि तो सगळ्यांच्या मशीनवर आहे, एका माणसाचं सोडून. कुलपानं लिहायचं फक्त, कंपाइल वहिनी करेल, अशी अट त्या चष्म्यावाल्या बाईंनीच घालून ठेवली.

मागच्या आठवड्यात दादाचा गणवेश कमरेत आवळून झाला होता, तो द्यायला मी तिच्या ऑफिसात गेले. मी बसलेली असतानाच कुलूप आला. घाटातल्या फेऱ्यांना जास्त विश्रांती द्यायची, अशी दुरुस्ती त्यानं लिहून आणली होती. उभाच राहिला.

वहिनीनं मान वर केली नाही. “ठेवा तिथं. वेळ मिळाला की बघते.”

अहाहा! काय सांगू, कान तृप्त झाले माझे.

तो दारापर्यंत पोचला नसेल, तोच वहिनीनं ते उघडलं. एकेक ओळ वाचली, एक चूक सुधारली, कंपाइल केलं, तपासलं, सर्व्हरवर चढवलं. मी बघतच राहिले. “अगं, एवढ्या घाईनं? त्याचंच होतं ना ते?”

“त्याचं कुठलं? घाटात गाडी नेणाऱ्याचं आहे ते,” ती म्हणाली. “त्याच्या घरी पण कोणीतरी खिडकीशी बसलेलं असेल.”

काल ती सांगत होती, कुलूप अजून रोज येतो. दारात उभा राहून हळूच विचारतो, झालं का हो माझं? आणि ही म्हणते, बघते.

मी म्हटलं, “वहिनी, आता पुरे. झालंय म्हणून सांगून तरी टाक.”

तिनं दादाच्या शर्टाची घडी घातली, कॉलर नीट बसवली.

“सांगते ना,” ती म्हणाली. “वेळ मिळाला की.”