पावण्याच्या व्हॉल्व्हवाल्या ताई

पावणे गावात व्हॉल्व्हचं दुकान चालवणाऱ्या ताई फोनवर ‘हॅलो’ म्हणतच नाहीत. थेट विचारतात, “पाइपातून काय जाणार? किती गरम? प्रेशर किती?”

मी तळोज्याच्या केमिकल कारखान्यात खरेदी बघतो. परवा म्हटलं, “ताई, दोन इंची व्हॉल्व्ह पाठवा, अर्जंट.”

“लाइन कसली?”

“विचारून सांगतो.”

“राहू दे, मीच येते.”

स्कूटरवरून आल्या आणि त्यांनी थेट त्या लाइनवरच्या ऑपरेटरला गाठलं. लाइन ॲसिडची निघाली. साधा लोखंडी व्हॉल्व्ह गळला असता आणि ॲसिड त्याच्याच अंगावर उडालं असतं.

तो म्हणाला, “ताई, आता जेवल्याबिगर जायचं नाय.”

त्याच्या डब्यातली भाकरी उभ्यानंच खात ताईंनी मला ऑर्डर सांगितली, “लिहा भाऊ, ॲसिडसाठी, आतून टेफ्लॉनचं अस्तर. आणि हा ठेचा कुणी केलाय? झकास!”

“मीच,” ऑपरेटर लाजून म्हणाला.