लाल पट्टीची बाटली

माझी धाकटी नणंद एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. तिथे सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा.

बाटल्यांत जंतू असत, तळ्याच्या तळच्या चिखलातले. आपण श्वासाला हवा घेतो, ते सोमल घेतात. चक्क विष! आपली हवा लागली की मात्र मरतात. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्या सासूबाईंच्या घराण्यातले दिसतात."

"नाही हो वहिनी, हे बोलत नाहीत."

हे घडलं त्या महिन्यात ती नोकरीत कायम व्हायची होती. कागदावर साहेबांची सही तेवढी राहिली होती. सही झाली की पेन्शन, नाहीतर सुनेच्या दारात म्हातारपण. सून कशी आहे ते मी लिहीत नाही.

कामाची रीत अशी. जंतू जिवंत असले की बाटलीत हळदीसारखा पिवळा गाळ धरतो. तिला पांढरी पट्टी, हात लावायचा नाही. काही धरलंच नाही तर लाल पट्टी. ती बाटली उघडायची, पाणी आणि पट्टी विषाच्या पिंपात टाकायची, बाटली धुवायची.

एका सकाळी मोरीवर बारा बाटल्या आल्या. लाल पट्टीच्या, पण आत पिवळ्याधमक. पट्ट्या लावल्या होत्या साहेबांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीने. नणंदेने तिला विचारलं, "ताई, ह्या जिवंत दिसतात हो."

"मावशी, पट्टी बघायची. शिकवायचं नाही."

अकरा उघडल्या. बाराव्या बाटलीचं बूच काही केल्या निघेना, म्हणून बाजूला ठेवली.

दुपारी साहेबांची आरडाओरड. चार वर्षं वाढवलेले जंतू होते ते. मुलगी म्हणाली, "मी पांढरीच लावली होती, सर." पट्ट्या तर पिंपात गेलेल्या, आणि विषाच्या पिंपातून काही परत काढत नाहीत.

"एकोणीस वर्षांत रंग कळेनात?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "तो कागद फाडा. मोरीवरच्या बाटल्या धुवा आणि निघा. उद्यापासून येऊ नका."

नणंद मोरीवर येऊन पाहते तर बारावी तशीच. बूच घट्ट, गाळ पिवळा, वर लाल पट्टी. साहेबांची चार वर्षंही त्यातच आणि हिची पेन्शनही. बाटली घेऊन ही साहेबांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, ही एक जरा—"

"धुवा म्हटलं ना!" त्यांनी मानही वर केली नाही.

परत आली तर मोरीपाशी ती मुलगी. बाटली पाहून तिचा चेहरा उतरला.

"मावशी... ती नका..."

"का ताई? कोणती पट्टी आहे?"

नणंद थांबली. नळ सुरू केला, आणखी थोडी थांबली. "सांगा ना, कोणती आहे? साहेबांना जाऊन सांगा, मी बाटली धरून उभी राहते."

मुलीने दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

तेव्हा नणंदेने चिमट्याने बूच उपटलं.

हे सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. मीच विचारलं, "अहो, ती बाटली तरी लपवून ठेवायची."

"चांगली तीन पाण्यांनी धुतली, वहिनी," ती म्हणाली. "आणि ती मुलगी उभी राहून बघत होती."