फिर्यादी खुर्चीत बसतो

सलूनमध्ये खुर्च्या तीन होत्या, पण चालायची एकच. दुसरीचं पायडल कधीचं अडकलेलं, आणि तिसरीवर टॉवेल वाळत घातलेले. चालणाऱ्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाला त्याचे मित्र फिर्यादी म्हणत. हे नाव त्यानं कमावलं होतं. अवकाशातला सिनेमा लागला की तो पहिल्या आठवड्यात बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून, त्या सिनेमावर खटला भरायचा.

खटल्याची रीतही त्याचीच. सिनेमा बघताना ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं असेल त्यानं खुर्चीत बसायचं, गळ्याभोवती कापड बांधून घ्यायचं आणि सिनेमाची वकिली करायची. बाकीच्यांनी चुका काढायच्या. वकील हरला तर शिक्षा म्हणून फिर्यादी स्वतःच्या मर्जीप्रमाणे त्याचे केस कापणार. आणि कोणीच रडलं नसेल तर सिनेमाला वकीलच नाही. मग तो टाकाऊ ठरायचा आणि दुकानात त्याचं नाव पुन्हा निघायचं नाही.

"रडणाराच खरा साक्षीदार," फिर्यादी म्हणे, "बाकीच्यांनी नुसतं तिकीट काढलं."

तो स्वतः कधी रडला नव्हता. खुर्चीत बहुतेक वेळा क्लासचे सर बसत. दिवसभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस, यान पृथ्वीकडे वळलं की रुमाल शोधू लागे. हरायचाही नेमानं. त्यामुळे सरांचे केस कसे असावेत हे वर्षानुवर्षं सिनेमेच ठरवत आले होते. ते घरी गेले की त्यांची बायको डोक्याकडे बघून विचारायची, "कुठला होता?"

फिर्यादीचं विज्ञान रद्दीतलं होतं. बाप दुकान चालवायचा तेव्हा गिऱ्हाइकांना चाळायला म्हणून रद्दीवाल्याकडून जुनी मासिकं आणून ठेवायचा. त्यांत एकदा विज्ञानाच्या मासिकांचा गठ्ठा आला, तो पोरानं पाठ केला. पण बाप वस्तरा पुसायला त्यातलीच पानं फाडायचा. त्यामुळे पोराच्या ज्ञानाला ठिकठिकाणी भोकं पडली. शनीबद्दल त्याला विचारावं ते ठाऊक, गुरूबद्दल अक्षर नाही, कारण गुरू साबणाच्या फेसासकट कचऱ्यात गेला होता. गिऱ्हाइकानं गुरूचा विषय काढला की फिर्यादी केस भादरायचं घरघरणारं झिरो मशीन चालू करी.

बाप होता तोवर त्याचे केस बापच कापायचा. बाप गेला आणि प्रश्न आला की केस कापणाऱ्याचे केस कोण कापणार. दुसऱ्या सलूनमध्ये जाणं त्याला जमेना; तिथल्या माणसाच्या कात्रीचा आवाज ऐकूनच त्याचा जीव कासावीस व्हायचा. मग तो स्वतःच कापू लागला. एक आरसा समोर, एक मागे. दोन आरशांच्या मधे त्याच्या मानेची रांग लागायची, एकामागे एक, लहान होत होत हिरवट अंधारात जाणारी. त्या शेवटच्या मानेपर्यंत कोणाचाच हात पोचत नाही, असं त्याला कधी कधी वाटे. मग तो मान झटकून गळ्यावरचे केस उडवी.

तर हा सिनेमा. म्हातारा कप्तान आणि तरुण मेकॅनिक एका बिघडलेल्या यानात अडकलेत. परत जायच्या छोट्या यानात जागा एकाचीच. कप्तान ठरवतो, पोरानं जायचं. पोराचे केस इतके वाढलेत की शिरस्त्राण नीट बसत नाही. म्हणून कप्तान कात्री घेतो आणि त्याचे केस कापतो. कापलेले केस हवेत तरंगत राहतात, दिव्यापुढून जाताना सोनेरी होतात. बस, इतकंच.

फिर्यादी बायकोला घेऊन गेला होता. एरवी ती जायची नाही, कारण हा शेजारी बसून कानात चुका सांगायचा. त्या दिवशी ती तयारीनं गेली, कापसाचे बोळे पर्समध्ये टाकून. पण केसांच्या त्या दृश्यात शेजारी काहीच आवाज नाही म्हणून तिनं वळून पाहिलं. पडद्याचा उजेड याच्या गालांवर ओला पडला होता.

घरी येऊन तिनं चहा टाकला.

"उद्या खुर्चीत बसणार ना?"

"डोळ्यांत काहीतरी गेलं होतं."

"दोन्ही डोळ्यांत?"

"एसीची हवा. नेमकी माझ्या सीटवर येत होती."

"मी काय दुसऱ्या गावात बसले होते?"

"तू सांगणार आहेस का त्यांना?"

"मी कशाला सांगू? रीत तुमची." तिनं कप पुढे सरकवला. "पण उद्या मीही येणारे. बघायला."

त्याची झोप उडाली. खुर्चीत बसावं तर फिर्यादीपण गेलं. सर त्या दिवसाची किती वर्षं वाट बघत होते कोण जाणे. शिवाय सगळे विचारणार, का रडलात. आणि न बसावं तर सिनेमा टाकाऊ. त्या म्हाताऱ्याचं नाव दुकानात पुन्हा काढायचं नाही. हा सिनेमा टाकाऊ ठरावा असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. असं याआधी कुठल्याच सिनेमाबद्दल झालं नव्हतं.

सकाळी शटर अर्ध्यावर आलं. सर आले, नर्सबाई आल्या, वायरमन आला. चुका काढताना नर्सबाईंकडे शरीराचं खातं होतं, वायरमनकडे बटणं आणि ठिणग्यांचं. फिर्यादीची बायको बाकावर बसली, वायरमनच्या हत्यारांच्या पिशवीशेजारी.

"वहिनी, तुम्ही?" वायरमन म्हणाला.

"घरी गिझर बिघडलाय. तुम्ही इथे असता म्हणून आले."

"उद्या बघतो."

"तुमचं उद्या मला माहितीये."

फिर्यादीनं कापड झटकलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "बोला. कोण रडलं?"

सरांनी दोन्ही हात वर केले. "यावेळी मी नाही. त्या केसांच्या सीनला मला शिंकच आली."

"माझी ड्यूटी सुटली होती," नर्सबाई म्हणाल्या. "मधे अर्धा तास झोपले. मला कप्तान मेलेलाही कळला नाही."

"तो मरत नाही," वायरमन म्हणाला. "मागे राहतो."

"मग बरंच झालं."

"मी नाही रडलो," वायरमन म्हणाला. "तो मेकॅनिक सगळं पॅनल उघडतो आणि मेन स्विच बंद करत नाही. माझा जीव नुसता वरखाली होत होता."

"म्हणजे कोणीच नाही," सर म्हणाले. "टाकाऊ. सांगून टाका, फिर्यादी."

फिर्यादीनं बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या केशरचनांच्या जुन्या फोटोंकडे बघत होती, जणू त्यांतली एखादी करून घ्यायचीय. तिच्या चेहऱ्यावर एक रेष हलली नाही.

त्यानं कापड स्वतःच्या गळ्याभोवती घेतलं आणि खुर्चीत बसला. गाठ मागे बांधायची असते. ती त्याला बांधता येईना.

सर हळूच उठले, पुढे आले आणि गाठ बांधली. "घट्ट नाही ना झाली?" त्यांनी विचारलं, पण आवाजातला आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

"लागा कामाला," फिर्यादी म्हणाला.

सर लागले. "पहिला मुद्दा केसांचा. गेली कित्येक वर्षं तुम्ही आम्हाला सांगताय की वजन नसताना बाईचे केस पाठीवर रुळत नाहीत, चारी बाजूंना उभे राहतात. मान्य?"

"मान्य."

"मग इथे उघड्या हवेत कात्रीनं केस कापलेत. ते तुकडे जातात कुठे?"

"हवा ओढून घेणारी जाळी असते यानात. तिकडे."

"जाळीवर बसले की जाळी चोंदते," वायरमन म्हणाला. "मग पंखा गरम. मग मोटर जळते. मग दोघांनाही परत जायची गरज नाही."

"केस ओले केले होते. ओले केस एकमेकांना चिकटतात."

"फवारा कुठे दिसला?" सर म्हणाले.

"आधी मारला असेल. सगळंच दाखवतात का?"

"दिव्यापुढून एकेक सुटा तरंगत होता. मी शिंकलो म्हटलं ना."

"तो डोळ्यांत जाईल," नर्सबाई म्हणाल्या. "नाकात जाईल, श्वासनलिकेत जाईल. अवकाशात मशीनला हवा ओढणारी नळी लावून कापतात, केस तिथल्या तिथे ओढले जातात. हे तुम्हीच मला सांगितलंत, मागच्या खटल्यात. मी कौतुकानं वॉर्डात सगळ्यांना सांगितलं."

फिर्यादीची स्वतःचीच वाक्यं चारी बाजूंनी परत येत होती. आरशात त्याला कापडातून वर आलेलं आपलंच डोकं दिसलं, गिऱ्हाइकासारखं. किती गिऱ्हाइकं या जागेवरून त्याच्याकडे अशी बघत आली असतील, आणि तो फक्त त्यांचे कल्ले सारखे आहेत का ते पाहायचा.

"चूक आहे," तो म्हणाला. "केसांचं चूक आहे. आणि अजून एक चूक आहे, ती तुमच्यापैकी कोणालाच दिसली नाही."

"वकीलच पुरावा देतोय," वायरमन म्हणाला.

"देऊ दे," सर म्हणाले.

"कापायला सुरुवात करताना म्हातारा त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, मान खाली. आठवतं?"

कोणाला आठवलं नाही.

"तिथे खाली नसतंच. वर नाही, खाली नाही. पोरगा म्हणू शकला असता, खाली म्हणजे कुठे? पण तो काही म्हणत नाही. मान खाली घालतो आणि डोळे मिटतो. मी दिवसभर लोकांना म्हणतो, मान खाली. कोणी विचारत नाही कुठे. मला मात्र बाप गेल्यापासून कोणी म्हटलेलं नाही."

बाहेर कोणीतरी शटर बंद आहे का बघायला वाकलं, आणि खुर्चीत फिर्यादीलाच बसलेला बघून निघून गेलं.

"हे फार चुकीचं आहे, वैज्ञानिकदृष्ट्या," सर शेवटी म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

"सर, तुम्ही आता रडलात तर चालणार नाही," नर्सबाई म्हणाल्या. "खुर्ची एकच आहे."

"वकील हरला," वायरमननं निकाल दिला. "पण सिनेमा टाकाऊ नाही. आता शिक्षा."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. शिक्षा फिर्यादीनं द्यायची, आणि फिर्यादी खुर्चीत. आज फिर्याद चालवली ती सरांनी.

"मला नाही येत बुवा," सर दोन पावलं मागे गेले. "मी कागदसुद्धा तिरका कापतो."

"रीत म्हणजे रीत," बाकावरून फिर्यादीची बायको म्हणाली. त्या सकाळभरात खटल्यातलं तिचं हे पहिलंच वाक्य.

सरांनी कात्री उचलली. फवारा मारताना अर्धं पाणी आरशावर गेलं. त्यांनी फिर्यादीच्या डोक्यावर हात ठेवला. हात घामानं ओला होता, आणि काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक असूनही म्हणवेना. फिर्यादीनं वाट पाहिली नाही. त्यानं मान खाली घातली.

पुढचा वेळ कात्रीचा आवाज येत राहिला, आणि मधूनमधून सरांचं "सॉरी". नर्सबाई एकदा उठून कान तपासून गेल्या. वायरमन बाजू बदलत सल्ले देत होता, "डावीकडे अजून, अहो डावीकडे, आता उजवीकडे कमी पडलं." फिर्यादीला कळत होतं की मागे गोल पायऱ्या पडल्यात आणि उजव्या कानामागे कातडी दिसायला लागलीये. आवाजावरूनच कळत होतं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

घरी जाताना बायको त्याच्या मागून चालत होती, हसू दाबत. "रात्री दोन आरसे घेऊन नीट करून टाका," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील, सलूनवाला आणि हे डोकं."

"राहू दे," तो म्हणाला. "वाढतील."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक आत आलं, बँकेतला एक साहेब, आरशात स्वतःला निरखणारा. खुर्चीत बसता बसता त्याची नजर फिर्यादीच्या मानेवर गेली, आणि तो तसाच अर्धा वाकून थांबला.

"हे कोणी कापले?"

"आमचे एक सर आहेत," फिर्यादी कापड झटकत म्हणाला. "भौतिकशास्त्राचे."

साहेबानं जरा विचार केला. "माझे तुम्हीच कापणार ना?"

"मीच कापणार. बसा."