हवेतल्या खड्ड्यांचा मैलकुली

लटारूभाऊ रस्त्यावरचा मैलकुली होता. चामोर्शीबाहेरचा आठ किलोमीटरचा रस्ता त्याच्याकडे, आणि चौतीस वर्षं त्यानं त्यातले खड्डे गिट्टी-डांबरानं भरले. पावसाळा पाडायचा, हा भरायचा. निवृत्त झाला तरी मोटारसायकलवर मागे बसला की खड्डे मोजतो आणि चालवणाऱ्याचं डोकं खातो. ते डोकं बहुतेक वेळा माझंच असतं, कारण मी त्याचा शेजारी.

त्याची एकुलती एक पोरगी दिव्यानी विमानात नोकरी करते. प्रवाशांना चहापाणी द्यायचं, पट्टे बांधायला लावायचे. यंदा होळीच्या सुमारास विमान असं हादरलं की ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. बापाला फोनवर कसं सांगावं? सोपं म्हणून ती बोलून गेली, "बाबा, हवेत खड्डा होता."

झालं! नेमका हाच शब्द या माणसापुढे काढायचा नव्हता.

तो तडक माझ्या ओट्यावर येऊन बसला. "मास्तर, हवेत खड्डा हाय तं भरत काऊन नाई? म्या एक खड्डा दोन दिवस उघडा नाई ठेवला. अन् इथी पोरीचा हात मोडला!"

मी जन्मभर भूगोल शिकवलेला. दाब, तापमान, वातप्रवाह, सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, "ते ठीक हाय. पण खड्डा कोणाच्या हद्दीत येते?" मी हात टेकले.

दिव्यानी प्लास्टर घालून घरी आली. मे महिन्यात हात बरा झाला, परत जायचा दिवस ठरला, आणि लटारूभाऊनं जाहीर केलं की पोरगी जाणार नाही. त्याची बायको इंदुताई मधे पडली, तर तिलाही गप्प बसवलं. दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला पोरीनं ही नोकरी मिळवली होती. आता गेली नाही तर नोकरी हातची जाणार होती. मला या माणसाचा मनापासून राग आला.

त्या दुपारी दिव्यानी बापाला त्याच्याच रस्त्यावर घेऊन गेली. मीही गेलो, खरं सांगायचं तर भांडण पाहायला. डांबर उन्हानं मऊ पडलं होतं.

"बाबा, ते घार पाहा. पंख हालवून राह्यली का?"

"नाई. डांबर तापलं का घारी आपोआप वर चढतेत. मले काऊन शिकवतं?"

"अन् तलावावर गेली का?"

"खाली येते. तिथी हवा थंडी रायते."

"मंग तलावावर खड्डा हाय का?"

लटारूभाऊनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"खड्डा नाईच बाबा, मीच चुकीचं बोलली. कुठी हवा वर चढते, कुठी उतरते. डोंगरावरून वारा आला का हवा उसळते. लय उंचावर जोराचा वारा हळू वाऱ्याले घासून जाते, तिथीबी घुसळते. विमान त्याच्यात हालते, या घारीसारखं. पट्टा बांधून बसलेल्याले सहसा काई होत नाई."

"मंग तुले काऊन झालं?"

"मी उभी होती. एका आजीचा पट्टा बांधून राह्यली होती."

तो हळूच म्हणाला, "तुले भेव नाई लागत?"

"लागते ना. पण तोंडावर आणता येत नाई. विमान हाललं का समदे लोक पयले आमच्याकडे पायतेत. आमी हसलो का त्याइचा जीव भांड्यात पडते."

घरी आल्यावर तो इंदुताईला एवढंच म्हणाला, "तिची बॅग भर."

तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या बसवर आम्ही तिला सोडायला गेलो. दिव्यानी खिडकीतून बापाकडेच पाहत होती, आणि लटारूभाऊ हसत होता. अगदी दात दाखवून हसत होता. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. बस सुटली, वळणावर गेली, तरी याचं हसू तसंच.

मग त्यानं माझा दंड घट्ट धरला. मान न वळवता विचारलं, "मास्तर, आता ते पाहून नाई ना राह्यली?"

मी म्हटलं, "नाही. गेली बस."

तेव्हा तो तिथंच फलाटावर उकिडवा बसला आणि ढसाढसा रडला.