सुतळीनं बांधलेलं पॅराशूट

“तिनंच केलं, साहेब. लिहून घ्या. घाबरली आणि चांगलं पॅराशूट स्वतःच्या हातानं तोडून टाकलं. यात माझ्या कंपनीचा काही संबंध नाही.”

दवाखान्याच्या अपघात विभागाच्या दारात उभा राहून तो ओरडत होता. नाशिकच्या द्वारका चौकात पन्नास ट्रक एकमेकांत अडकून एकदम हॉर्न वाजवायला लागले तरी याच्यापुढे कमी पडले असते. आत एका मुलीच्या मांडीच्या हाडाचे दोन तुकडे झालेले, आणि हा बाहेर तिच्याच नावानं शंख करतोय. नोकरीत मी नाना तऱ्हेचे आवाज ऐकले, बरेचसे निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर विसरलो. हा आवाज काही जात नाही. सकाळच्या चहाच्या वेळी आठवला की चहा तसाच राहतो.

तेव्हा मी निफाडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आमच्या हद्दीत एका खाजगी धावपट्टीवर या गृहस्थानं विमानातून उड्या मारायचा धंदा काढला होता. शनिवारी-रविवारी पुण्या-मुंबईची पोरं यायची, दहा हजार फुटांवरून उडी मारायची, खाली उतरून फोटो काढायची. त्या शनिवारी सकाळी नाशिकच्या एका शाळेतली खेळाची शिक्षिका तिची अकरावी उडी मारायला गेली आणि द्राक्षाच्या बागेत तारांच्या मांडवावर येऊन आदळली. दवाखान्यातून एमएलसीचा, म्हणजे पोलीस केसचा, फोन आला. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि जबाब घ्यायला गेलो.

माझी समजूत अशी की मुलगी रडत असेल. ती छताकडे बघत, दात आवळून, परेडचा अहवाल द्यावा तसं बोलत होती. दोरी ओढली. वर पाहिलं तर छत्री नाही. डोक्यावर नुसतं गाठोडं फडफडतंय, भाजीची पिशवी वाऱ्यावर धरावी तसं. तिनं पट्टे हिसकले, दोनदा. गाठोडं उघडेना. मग शिकवलं होतं तसं उजव्या हातानं ते मुख्य पॅराशूट अंगापासून तोडलं आणि डाव्या हातानं पाठीवरचं दुसरं, राखीव उघडलं. राखीव उघडलं तेव्हा जमीन फार जवळ आली होती.

“घाबरलात का?” मी विचारलं.

“घाबरायला वेळ लागतो, सर. तेवढा नव्हता.”

एवढं सांगून तिनं माझी बाही धरली. उद्या सकाळी आठ जणांची बॅच आहे, सर, त्यांना थांबवा, म्हणाली. तिच्या पायाला वजन लावायची तयारी चालू होती, आणि ही बाई त्या आठ अनोळखी माणसांची काळजी करत होती.

प्रकरण तिथंच होतं. ती म्हणते पॅराशूट उघडलंच नाही. मालक म्हणतो चांगलं उघडलेलं तिनं तोडलं. ते तोडलेलं पॅराशूट मिळालं तर एका मिनिटात निकाल. न मिळालं तर मुलगी खोटी, कंपनी खरी, आणि रविवारी सकाळी आठ माणसं विमानात. मालकाला विचारलं, ते पॅराशूट कुठंय? धरणात पडलं, साहेब, वाहून गेलं. आमच्या धरणात त्या वर्षी पाणी एवढं की बेडकांना पोहता येत नव्हतं, चालत जायचे. त्यात पॅराशूट वाहून गेलं म्हणे. मी फक्त ‘असं का’ म्हणालो. खोटं बोलणाऱ्याला अडवू नये, बोलू द्यावं. तो स्वतःच आपल्या खोट्याचा पंचनामा करून देतो.

माझ्या वरिष्ठांकडे तोवर दोन फोन आले होते. पर्यटन वाढतंय, कशाला उगाच, असा सूर. वरिष्ठ मला म्हणाले, जपून. मी म्हणालो, होय सर. हे ‘होय सर’ पोलीस खात्यात फार कामाचं. त्याला कुठलीच दिशा नसते.

दुपारी दोनच्या सुमाराला ठाण्यात एका बागायतदाराचा फोन आला. त्याची बाग अपघाताच्या जागेपासून दोन बागा सोडून. म्हणाला, पांढऱ्या गाडीतनं चार जण आलेत, ओळीओळीनं हिंडून पिशवी हुडकत्यात.

“तुम्हाला दिसली का पिशवी?”

“दिसली म्हंजे काय साहेब, मी तिच्यावरच बसलोय. वर गोणपाट टाकलंय. तुम्ही या लवकर, मला हितनं उठता येईना.”

आमची जीप त्या दिवशी अशी पळाली की रस्त्यावरचे खड्डे बाजूला झाले. पोचलो तर हे गृहस्थ खरोखरच बांधावर, गोणपाटावर मांडी घालून, तंबाखू मळत बसलेले. समोर ते चार जण त्यांनाच विचारतायत, काका, काही पडलेलं पाहिलं का. काका म्हणतायत, सकाळधरनं बगळे पाह्यले दोन.

दोन पंच बोलावले आणि जागेवर पंचनामा सुरू केला. गोणपाट उचललं. खाली कापडी पिशवी, दोन वीत रुंद, तोंड बंद. पॅराशूट आत जसंच्या तसं. मुलीचं खरं होतं. आता ते का उघडलं नाही, हे कळायचं होतं.

तर माझ्याबरोबर एक हवालदार होता, घरची द्राक्षबाग असलेला, सुट्टी मागायची तर छाटणीच्या मुहूर्तावरच मागणारा. तो पिशवीवर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“साहेब, ही आमची गाठ हाय.”

“आमची म्हणजे?”

“वेलाची काडी बांधायची. छाटणी झाली की काडी तारेला बांधत्यात ना बाया, ती. सुतळीचीच. वारं येऊ द्या, घड भरू द्या, नाय सुटत. विळ्यानं कापावी लागती.”

पॅराशूटची माहिती मी नंतर जाणकाराकडून घेतली, ती इथंच सांगतो. पिशवीचं तोंड आणि दोऱ्यांचे वेढे साध्या रबरांनी अडकवलेले असतात. हिसका बसला की एकेक रबर सोडतं, दोऱ्या धावतात, तोंड उघडतं, छत्री बाहेर येते. सुटणं हेच त्या रबराचं काम. इथं रबराच्या जागी सुतळी होती, करकचून.

चार वाजता आम्ही धावपट्टीवरच्या शेडमध्ये. मालक हजर. इथवर मी त्याला अहोजाहो करत होतो. पॅराशूट कोण बांधतं? आमची टीम, साहेब. प्रशिक्षित माणूस? आहे, रजेवर आहे. किती दिवस? इथं त्याला खोकला आला. तो माणूस भांडण होऊन सोडून गेला होता आणि मुलीला वाचवणारं राखीव पॅराशूट त्याच्याच हातचं, त्याच्या सील-सहीचं होतं. नंतरची टीम म्हणजे चटईवर बसलेली एक बाई. पेठ तालुक्याकडची, बागांच्या कामाला टोळीबरोबर आलेली. हात चलाख म्हणून मालकानं इथं आणून बसवलेली.

सुतळी मी टेबलावर ठेवली. मालकानं ती पाहिली, आणि मी तोंड उघडायच्या आत बाईकडे बोट केलं. हीच ती साहेब, हिनंच बांधलं, घेऊन जा हिला, मला काय माहिती ही असलं काही करेल.

सांगायला लाज वाटते, पण मीही आधी तिच्यावरच ओरडलो. गाठ तिची, हात तिचा, मग आरोपी तीच; इतकं सरळ. ती हलली नाही. माझा दम संपेपर्यंत थांबली, मग कनवटीची पुरचुंडी सोडून चटईवर ओतली. रबरांचे तुकडे. वाळलेले, चिरलेले, वीसेक तरी.

“ह्याला दावली,” ती म्हणाली. “तीनदा दावली. रबर मोडतं, दुसरं आण. तो बोलला, नाय तर कशानंबी बांध. मी विचारलं, किती घट्ट? तो बोलला, अजिबात सुटलं नाय पाहिजे. मग मी बांधलं. आमचं बांधलेलं सुटत नाय.”

शेवटचं वाक्य ती अभिमानानं बोलली. मग टेबलाजवळच्या माणसांचे चेहरे पाहून तिला काहीतरी कळलं असावं, कारण तिनं हळूच विचारलं, “त्या बाईचा पाय राहील ना?”

मी मालकाकडे वळलो. असं म्हटलं होतंस का? तो म्हणाला, जनरल सेन्समध्ये म्हटलं असेल, साहेब, सेफ्टी म्हणून.

भिंतीला रविवारची आठ पॅराशूट टांगलेली होती, नंबर लावून. पंचांसमोर एकेक उतरवलं. तीन रबराची निघाली. पाच सुतळीची. त्यातल्या एकाला माझे दोन हवालदार दोन्ही बाजूंनी लागले, दोघांचं मिळून वजन एका म्हशीएवढं, टाचा रोवून रस्सीखेच. मातीत दोन चर पडले, पिशवी उघडली नाही. मग ती बाई उठली, विळा घेतला आणि पाचही गाठी कापल्या. एकही दोरी चिरली नाही. मालक त्या वेळी मोबाईलवर होता. वकिलाशी नव्हे. उद्याच्या बॅचला विमान थोडं उशिरा सुटेल, असं कुणाला तरी कळवत होता.

मी तो मोबाईल हातातून काढून घेतला. तो कसा काढून घेतला हे पंचनाम्यात नाही आणि इथंही लिहीत नाही.

आठही पॅराशूट मुद्देमालात सील केली. मालकावर निष्काळजीपणानं माणसांचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा नोंदवून अटक केली. बाईला आरोपी करा म्हणून पुन्हा वरून सूर निघाला. मी पुन्हा ‘होय सर’ म्हणालो आणि तिला साक्षीदार केलं. रविवारी सकाळी आठ जण आले, शेडला सील पाहून माझ्या नावानं बोटं मोडत हुरडा खायला गेले. त्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही काय झालं होतं. विचारू नये. जिवंत माणसानं हुरडा खावा.

या प्रकरणानं मला शिकवलं ते माझ्याच धंद्याबद्दल. गाठ मारणाऱ्या हातापर्यंत पोलीस अर्ध्या तासात पोचतो, कारण तो हात चटईवर बसलेला असतो, समोर, पळून कुठं जाणार. हुकूम देणारं तोंड मात्र दारात उभं राहून ओरडत असतं, आणि आपण त्यालाच फिर्यादी समजून वही उघडतो. मी उघडली होती. त्या बाईच्या कनवटीला ती रबरं नसती तर आज ती तुरुंगात असती आणि मला कदाचित शाबासकी मिळाली असती. याचा राग अजून उतरलेला नाही. निम्मा त्याच्यावरचा, निम्मा माझ्यावरचा.

त्याला जीपमध्ये बसवताना मी एक प्रश्न विचारला होता, तपासाचा नव्हे, माझा स्वतःचा. उद्या त्या आठांबरोबर तू मारली असतीस का उडी, यातलं एखादं पाठीला बांधून?

“मी कधीच उडी मारलेली नाही,” तो म्हणाला. “मला चक्कर येते.”