रज्जाकभाईंनी बुलेट आखूड केली

भिंगारच्या रज्जाकभाई टेलरांनी उभा जन्म फौजींच्या पँटी आखूड केल्या, पण सासऱ्यांच्या जुन्या बुलेटवर बसले की त्यांचेच पाय लोंबकळत. गाडी थांबवायची तर आधी टेकायला भिंत शोधावी लागे.

हुमेराभाभींनी बजावलं, "दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय मी मागे बसायची नाही. झेंडीगेटला भावाकडे रिक्षानं जाईन!"

मेहुण्यासमोर बायको रिक्षातून उतरणार? भाईंना ते फार लागलं. त्यांनी टेप काढून सीट ते जमीन माप घेतलं आणि मेकॅनिक गोरक्षनाथला चिठ्ठी दिली: चार इंच आखूड. त्यानं सीटचा फोम कापला, मागे बुटके शॉकअब्सॉर्बर बसवले.

रविवारी दोघं झोकात निघाले. मेहुण्याच्या दारात भाईंनी ऐटीत दोन्ही पाय टेकले. भाभी खुशीत उतरून आत गेल्या. मग भाईंनी साइड स्टँड लावलं. गाडी बुटकी झालेली, स्टँड मात्र जुन्याच उंचीचं. त्यावर कलण्याऐवजी गाडी ताठ उभी राहून पलीकडे पडायला लागली.

"आत या की, दुल्हेभाई!" मेहुणा अमजद ओरडला.

"इथं हवा छान आहे."

तासभर भाई गाडीवरच हवा खात बसले. शेवटी भाभी बाहेर आल्या. "पाय टेकले ना? मग उतरा."

"उतरलो की पडेल गं," भाई पुटपुटले.

भाभींनी घराकडे पाहिलं, बिर्याणीचं ताट मागवलं आणि स्वतः मागच्या सीटवर चढून बसल्या.