दगडाच्या अलीकडे

एनॉक टॅप्लीची मान कायम डाव्या खांद्यावरून मागे वळलेली असायची. जन्मभर त्यानं गाडी हाकली, पण घोड्यांकडे कमी आणि मागेच जास्त बघायचा. त्यापायी त्याची गाडी कितीदा चरात गेली याला गणती नाही. गावातली पोरं त्याला ‘मागेबघ्या’ म्हणायची आणि गाडीमागून धावत ओरडायची, “बाबा, कोण बसलंय मागे? सैतान?”

“हो, आणि त्याच्या शेजारी एक जागा रिकामी आहे. ये, चढ!” एनॉक म्हणायचा. पोरं खिदळत पळायची. आम्हीही हसायचो. आता ते हसणं आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मार्लकोटमधला गुत्ता मी चालवते, माझ्याआधी माझा बाप चालवायचा. एनॉकची संध्याकाळची जागा आमच्या चुलीपाशी ठरलेली. तो आमच्या गावचा हद्दीचा माणूस होता. आमच्या मुलखावर राजे बरेच होऊन गेले म्हणतात. डेन आले, नॉर्मन आले, एका राजाचं तर आमच्याच लोकांनी मुंडकं उडवलं. मार्लकोटला त्यातलं फारसं काही ठाऊक नाही. मार्लकोटला ठाऊक आहे ती आपली हद्द. दर वसंतात पाद्रीबाबा पुढे आणि गाव मागे, असे आम्ही सगळे हद्दीवरून चालतो. प्रत्येक खुणेपाशी एखाद्या पोराला हातापायांनी उचलतात आणि दगडावर दाणकन आपटतात. मग त्याला गोड पाव देतात. कागद उंदीर खातात, पण ढुंगणाला बसलेला मार माणूस विसरत नाही, असा आमच्या जुन्या माणसांचा हिशेब.

एनॉकला लहानपणी शेजारच्या ड्रेबी गावाच्या वाटेवर, हद्दीच्या पांढऱ्या दगडावर असा आपटला होता की आठवडाभर तो उभ्यानं जेवला. तेव्हापासून हद्दीचं प्रत्येक झाड, प्रत्येक ओहोळ त्याला तोंडपाठ. कुरणावरून भांडण लागलं की आम्ही त्याला विचारायचो आणि ड्रेबीवालेही त्यालाच विचारायचे. हद्दीबद्दल एनॉक खोटं बोलणार नाही, ही दोन्ही गावांची खात्री होती.

म्हणूनच डॉर्कसला न्यायला त्याला निवडलं.

तिला जाऊन आता तीस-एक वर्षं झाली. डॉर्कस शेतावर मोलकरीण होती. लग्न झालेलं नव्हतं आणि दिवस भरत आले होते. बाप कोण ते तिनं सांगितलं नाही. विचारायला आलेले सगळे पुरुषच होते, ती सांगणार तरी कोणाला! आमचा कायदा असा की बिनबापाचं पोर ज्या गावच्या मातीत जन्मेल, त्या गावानं ते पोसायचं. त्यासाठीची गरीबपट्टी सगळे भरतात आणि सगळेच कुरकुरतात. तेव्हा पट्टीचा कारभार म्हातारा कॉली बघायचा. त्यानं एनॉकला बोलावलं आणि सांगितलं, “हिची मावशी ड्रेबीत असते. हिला तिच्याकडे पोचव. आजच. आणि पोर दगडाच्या पलीकडे झालं पाहिजे, कळलं?”

एनॉक तिला घेऊन गेला. अंधार पडायच्या आत परत आला आणि म्हणाला, “दगडाच्या पलीकडे झालं. मुलगी. आई गेली.”

ड्रेबीच्या लोकांनी आईला पुरलं आणि मुलीला आपल्या गरीबखान्यात, निराधारांसोबत ठेवून घेतलं. त्यांनी वाद घातला नाही. एनॉक सांगतोय म्हटल्यावर वाद कसला? इकडे गावाला हायसं वाटलं. माझ्या बापानं एनॉकला फुकट बिअर पाजली. पेला मीच भरला होता. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि तसाच खाली ठेवला. पोटात दुखत असेल, असं आम्ही म्हणालो.

त्यानंतर त्याची मान वळायला लागली. दर शरदात तो आपल्या झाडाची नासपती टोपलीभर घेऊन ड्रेबीच्या गरीबखान्याच्या दारात ठेवून यायचा. बायको करवादायची, “आपल्या घरात मुरंबा नाही आणि हे चालले दान करायला!” ती बिचारी मरेपर्यंत करवादत राहिली. त्यानं तिलाही कधी कारण सांगितलं नाही.

मग एक दिवस तीच मुलगी आमच्या गावात राहायला आली. टॅमसिन तिचं नाव. सोबत चुन्याच्या भट्टीवर काम करणारा तिचा आयरिश नवरा डोनल आणि दोन पोरगे. टॅमसिन ठसठशीत बाई, हसली की गुत्ताभर ऐकू यायचं. एनॉक मात्र ती आली की उठून जायचा. आणि सकाळी तिच्या दारात फोडलेल्या लाकडांची मोळी पडलेली असायची.

“म्हाताऱ्याला जवानी फुटली,” लोक म्हणायचे. टॅमसिनच एकदा त्याला रस्त्यात अडवून म्हणाली, “बाबा, माझा नवरा ठणठणीत आहे हो. अजून दोन वर्षं तरी थांबा.” सगळे पोट धरून हसले. एनॉक तिच्या पायांकडे बघत उभा राहिला आणि निघून गेला.

डोनल दोन वर्षंही टिकला नाही. भट्टीचा कडा ढासळला आणि तो गेला. फ्रेंचांशी लढाई चालू होती, पाव सोन्याच्या मोलाचा झाला होता. टॅमसिनला गरीबपट्टीतून पाव आणि कोळसा मागण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. आता कारभार म्हाताऱ्या कॉलीचा मुलगा रूबेन बघत होता. बापाला शोभेल असाच निघाला होता. तो म्हणाला, बाई नवऱ्याच्या गावची असते, पण नवरा आयरिश, त्याला इथं गावच नाही. म्हणजे बाई जन्मली त्या गावची. बाई ड्रेबीची. पाठवा परत.

ड्रेबीच्या गरीबखान्यात आईला एकीकडे ठेवतात आणि पोरांना दुसरीकडे. पोर जरा हाताशी आलं की गाडीत घालून उत्तरेला सूतगिरणीत धाडतात. तिकडून परत आलेलं पोर आम्ही तरी पाहिलेलं नाही. टॅमसिन तिथंच वाढलेली, तिला हे सगळं ठाऊक होतं. तिचं हसणं बंद झालं. ती दोन्ही पोरांना घेऊन झोपायची आणि दाराला आतून बाकडं लावायची.

दोन न्यायाधीश आमच्या गुत्त्याच्या माडीवर बसणार होते. त्यांनी हुकूम दिला की लगेच गाडी जुंपून तिला ड्रेबीला धाडायचं. जन्म कुठं झाला एवढंच सिद्ध करायचं होतं आणि ते सांगणारा एकच माणूस जिवंत होता. आदल्या दिवशी रूबेन चुलीपाशी एनॉकच्या शेजारी येऊन बसला.

“काका, जास्त काही नाही. तेव्हा म्हणालात तेच एक वाक्य म्हणायचं.”

एनॉकनं चुलीत एक लाकूड सरकवलं.

“आणि हे बघा, एकदा का तुमची जीभ खोटी ठरली, तर नदीकाठचं कुरण ड्रेबीवाले उद्याच मागतील. ते तुमच्याच साक्षीवर आपलं ठरलंय. सगळ्या गावाच्या गाई तिथं चरतात. समजतंय ना?”

“समजतंय,” एनॉक म्हणाला. “तुझ्या बापानंही असंच समजावलं होतं.”

सकाळी माडी माणसांनी भरली. न्यायाधीशांना पेले देत मी दाराशी उभी होते. टॅमसिन पोरांचे हात धरून भिंतीला टेकली होती. एनॉकला पुढे बोलावलं. तो टेबलाच्या लाकडाकडे बघत उभा राहिला.

“बाई कुठं जन्मली?”

“दगडाच्या अलीकडे, हुजूर. वाळुंजाच्या झाडांखाली. मार्लकोटात.”

रूबेन ताडकन उठला. “म्हातारा भ्रमिष्ट झालाय!”

“बसा,” न्यायाधीश म्हणाले. “टॅप्ली, तेव्हा तुम्ही पलीकडे म्हणाला होतात.”

“खोटं बोललो होतो. हद्दीबद्दल जन्मात तेवढंच एक.”

“खाली बघ, थेरड्या, लाज असेल तर!” मागून कोणीतरी ओरडलं. “कुंपणानंच शेत खाल्लं!” माणसं गाईंसाठी ओरडत होती. डॉर्कससाठी कोणी कधी ओरडलं नव्हतं.

न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला आणि विचारलं, “पोर अलीकडे झालं हे नक्की कशावरून?”

“रडणं ऐकलं. वाळुंजांपाशी. दगड समोर दिसत होता. ती आधीपासून म्हणत होती, काका, थांबवा, जरा थांबवा. मी घोड्याच्या कानांकडे बघत राहिलो. कॉलीनं सांगितलं होतं, पोर पलीकडे झालं पाहिजे. मी म्हटलं, मी मागे बघितलं नाही तर अजून काही झालेलंच नाही. मग रडणं ऐकू आलं. मी चाबूक ओढला. ती म्हणाली, ‘काका, काय झालं? मुलगा की मुलगी? माझ्यानं उठवत नाही, तुम्हीच बघा ना.’ मी म्हटलं, दगड ओलांडला की बघतो. तिनं पुन्हा विचारलं. मी बघितलं नाही. दगड ओलांडला, गाडी थांबवली, मागे वळलो. पोर हात हलवत होतं. ती गेली होती.”

मला माझ्या बापाचा तो पेला आठवला, काठोकाठ भरलेला. त्या वर्षी आमची पट्टी वाढली नाही, म्हणून आम्ही खूश होतो. गाडी एकट्या एनॉकनं हाकली, पण पाठवली आम्ही सगळ्यांनी.

न्यायाधीश आपसात कुजबुजले. बाई मार्लकोटची, बाई आणि पोरं इथंच राहतील, असं त्यांनी सांगितलं. रूबेन पाय आपटत जिना उतरला. त्याच्यामागे बरेच जण गेले. जाताना कोणी एनॉककडे बघितलं नाही. पुढच्या हद्दफेरीत त्याला कोणी काही विचारणार नव्हतं, हे त्यालाही कळलं असणार.

तो अजून टेबलाकडेच बघत उभा होता. टॅमसिन पोरांचे हात सोडून त्याच्यासमोर आली. मला वाटलं ही आता थोबाडीत मारणार, आणि मारली असती तर मी अडवलं नसतं.

“वर बघा,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. नाही.

“बघा म्हणते ना. माझ्या आईनं विचारलं होतं ते सांगा तिला.”

त्यानं मान वर केली. तीस वर्षं मागे वळलेली ती मान सरळ व्हायला किती जड गेलं, ते आम्ही बघत होतो. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तो डॉर्कसशी बोलावं तसा हळूच म्हणाला, “मुलगी झाली गं.”